दृश्य, दृष्टी आणि लेखणी

एका माणसाने एकच विद्या धरावी आणि ती जन्मभर सोडू नये, असा उपदेश आपल्याकडील वडीलधारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. हा उपदेश जो ऐकत नाही, त्याच्या कपाळी 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण लिहिलेलीच असते. आमच्या सोलापुरात या म्हणीला विशेष धार येते. नव्या पेठेतून सायंकाळी फेरफटका मारणाऱ्या कोणाही गृहस्थास चिंधी आणि वस्त्र यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही. चिंधी ही कशाची तरी फाटून उरलेली असते. वस्त्र हे मागावर ठरवून विणलेले असते. सूत मात्र दोन्हींचे एकच.

आज सुशिक्षित घराघरांतून असा एखादा तरुण किंवा तरुणी आढळते, की जिने महाविद्यालयात तत्त्वज्ञान हा विषय घेतला आहे, सुटीच्या दिवशी जी कॅमेरा घेऊन नळदुर्गाकडे जाते, आणि रात्री दार लोटून काही लिहीत बसते. आईबापांस या तिन्ही गोष्टींचे कौतुक असते. परंतु तिन्ही मिळून काय होणार, या चिंतेने त्यांची झोपही उडालेली असते. तत्त्वज्ञान पोटास देत नाही, डोंगराचे छायाचित्र कोणी विकत घेत नाही आणि लेखनाचे मानधन किती, हे सर्वांस ठाऊकच आहे. मग या तीन धाग्यांच्या चिंध्या होणार की वस्त्र होणार? या प्रश्नास मी स्वतःचे मत देण्याऐवजी इतिहास काय सांगतो ते आज आपणांपुढे ठेवणार आहे.

प्रथम तत्त्वज्ञानाकडे पाहू. कारण खरी अडचण तेथेच आहे. वेदान्ताच्या विद्यार्थ्यास आरंभीच शिकविले जाते, की नाम आणि रूप ही मिथ्या आहेत. मिथ्या म्हणजे मुळीच नसलेली असे नव्हे, तर टिकणारी नव्हेत, स्वतःच्या बळावर उभी नव्हेत, एवढाच त्याचा अर्थ. तथापि छायाचित्र म्हणजे काय? अमुक एक डोंगर, अमुक दिवशी, अमुक प्रहरी, अमुक ढगाखाली जसा दिसला तसा धरून ठेवणे. नामरूपाचा याहून नेमका संग्रह दुसरा कोणताही नसेल. तेव्हा जो नामरूपाच्या पलीकडे पाहावयास निघाला, त्याने रूप टिपण्याचे यंत्र खांद्यास का अडकवावे? हा विरोध वरवरचा नाही. ज्याला तो जाणवत नाही, त्याने तत्त्वज्ञानाची केवळ परीक्षा दिली असे समजावे.

मराठी भाषेपुरते बोलावयाचे तर या विरोधाचा परिहार सातशे वर्षांपूर्वीच झालेला आहे. ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण केली आणि त्यानंतर 'अमृतानुभव' हा आपला स्वतंत्र ग्रंथ रचिला. त्या ग्रंथात त्यांनी अज्ञानाचे खंडन केले आहे. जग हा अज्ञानाने टाकलेला पडदा आहे, ही कल्पनाच त्यांस मान्य नाही. एकच चैतन्य पाहणारा होते आणि तेच पाहिले जाणारेही होते. दृश्य हा त्या चैतन्याचा विलास आहे, असे ते प्रतिपादितात. अभ्यासक या मतास चिद्विलासवाद म्हणतात. या मताचा व्यवहारातील परिणाम फार मोठा आहे. दृश्याकडे पाठ फिरविल्याने सत्य हाती लागेल, असे मग म्हणता येत नाही. उलट दृश्याकडे नीट, निवांतपणे आणि पुनःपुन्हा पाहणे ही उपासनाच होऊन बसते.

पाहण्यास तत्त्वज्ञानाने अशी वाट मोकळी करून दिली. लिहिण्यास ती समर्थ रामदासांनी दिली. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे असावे, ओळी सरळ असाव्यात, लेखणी कशी तासावी, शाई कशी असावी, कागद कसा राखावा, हे सर्व त्यात आले आहे. ब्रह्मनिरूपण करणाऱ्या ग्रंथात बोरूची आणि शाईची चर्चा यावी, याचे काही विद्वानांस आश्चर्य वाटते. मला ते वाटत नाही. ज्यास विचार दुसऱ्यापर्यंत पोहोचवावयाचा आहे, त्याने साधनाची हेळसांड करून चालत नाही. आणि साधन बोरूचे असो वा भिंगाचे, नियम एकच.

आता त्या भिंगाकडे वळू. १८३९ साली पॅरिस येथे छायाचित्रणाची विद्या जाहीर झाली आणि पंधरा वर्षांच्या आतच मुंबईत तिने चांगले मूळ धरले. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे नाव प्राचीन लेखांच्या संशोधनाने अजरामर झाले आहे; त्यांचा आणि त्यांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी यांचा या संस्थेशी निकट संबंध होता, आणि नारायण दाजी तर स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. पुढील वर्षी, १८५५ साली, मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक इलाख्यातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याकरिता केली. बिग्ज विजापुरास गेला. विजापूर आपल्या सोलापुरापासून अवघे शंभर किलोमीटर. तेव्हा या प्रदेशातील भूमी आणि वास्तू कॅमेऱ्यापुढे फार लवकर आल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

ते काम किती कष्टाचे होते, याची कल्पना आज खिशात कॅमेरा बाळगणाऱ्यांस येणार नाही. लाकडी पेटी, तिचे तिकाटणे, रसायनांच्या बाटल्या आणि कागद हे सर्व बैलगाडीने न्यावयाचे. कागदाला प्रकाशाची संवेदना आणावयाची, तो पेटीत घालावयाचा, पुष्कळ वेळ उघडा ठेवावयाचा, आणि पुढे रसायनांत धुऊन त्यावरून दुसऱ्या कागदावर चित्र उतरवावयाचे. वाऱ्याने फांदी हलली की चित्रात धूसर डाग पडे. म्हणूनच त्या काळची छायाचित्रे निर्मनुष्य आणि निश्चल दिसतात. क्वचित एखाद्या कमानीपाशी माणूस उभा केलेला असे. परंतु तो तेथे कोणी व्यक्ती म्हणून नसे. इमारतीची उंची किती, हे पाहणारास कळावे, म्हणून त्यास उभे करीत. त्याला मी 'मापाचा माणूस' म्हणतो. श्रोत्यांनी हा मापाचा माणूस ध्यानात ठेवावा. त्याच्याकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

या छायाचित्रांचा मोठा ग्रंथ १८६६ साली लंडन येथे प्रसिद्ध झाला. त्यातील वास्तुविषयक विवेचन जेम्स फर्ग्युसन याचे आणि इतिहासविषयक लेखन फिलिप मेडोज टेलर याचे. टेलर हा आपला शेजारीच म्हणावयाचा. निजामाच्या नोकरीत असलेला हा अधिकारी १८५३ पासून १८५७ पर्यंत नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहत होता. तो चित्रे काढी, ठगांवरील त्याची कादंबरी १८३९ सालीच गाजली होती, आणि १८६३ साली त्याने 'तारा' नावाची जी कादंबरी लिहिली, तिची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची कन्या आहे. नळदुर्गाचा पाणीमहाल ज्यांनी पाहिला आहे, त्यांस या प्रदेशाने लेखकास का मोहून टाकले हे सांगावे लागणार नाही. बोरी नदीस आडवा बांध, त्या बांधाच्या पोटात महाल, आणि पावसाळ्यात पुढून कोसळणाऱ्या पाण्याच्या पडद्याआड बसण्याची सोय! दृश्य आणि द्रष्टा यांच्यामध्ये पाण्याचा पडदा घालणाऱ्या त्या आदिलशाही कारागिरास तत्त्वज्ञ म्हणण्याचा मोह होतो.

परंतु १८६६ च्या त्या ग्रंथात श्रमविभाग कसा आहे, हे पाहा. पाहिले एकाने, मोजले दुसऱ्याने, लिहिले तिसऱ्याने. तिघेही आपापल्या कामात निष्णात. तरीही तिघांची दृष्टी एक नव्हे. ग्रंथ भव्य झाला, उपयुक्त झाला; पण तेथे चुना मळणारा, पाणी वाहणारा आणि त्या घुमटाखाली संसार करणारा माणूस ग्रंथात आलाच नाही. मापाचा माणूस मापापुरताच राहिला.

तीन धाग्यांपैकी दोन एकाच पुरुषाच्या हाती आल्याचे उदाहरणही त्याच काळात मुंबईत सापडते. हरिश्चंद्र चिंतामण यांनी १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन विद्यालयातील छायाचित्रणाच्या वर्गात ही कला संपादन केली आणि पुढे धंदेवाईक छायाचित्रकार म्हणून नाव मिळविले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडण्यात आली होती. याच गृहस्थांनी १८७४ साली लंडन येथे भगवद्गीतेवर इंग्रजीत भाष्य प्रसिद्ध केले. छायाचित्रकार आणि गीतेचा भाष्यकार, असा योग जगात अन्यत्र फारसा आढळावयाचा नाही. तथापि या दोन विद्या त्यांच्या ठायी शेजारी राहिल्या. त्यांचा विवाह झाला नाही. चित्रशाळेत माणसांच्या प्रतिमा निघत, अभ्यासिकेत गीतेचा अर्थ निघे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत वारा गेला असे त्यांच्या कामावरून दिसत नाही. इतिहासाने येथे आपणांस एक धडा दिला आहे: तीन विद्या एका माणसाच्या अंगी असणे निराळे, आणि तिन्हींचे मिळून एक कार्य होणे निराळे.

हे दुसरे ज्यांच्या आयुष्यात घडले, असे मराठीतील ठळक नाव म्हणजे गोपाळ नीलकंठ दांडेकर. महाराष्ट्र त्यांस गोनीदा या नावाने ओळखतो. त्यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी वऱ्हाडातील परतवाडा येथे झाला. शाळेच्या वयातच ते स्वातंत्र्याच्या चळवळीच्या ओढीने घर सोडून निघाले. पुढे गाडगेबाबांचा सहवास लाभला, आळंदीस ज्ञानेश्वरीचे अध्ययन झाले, वेदान्ताचा अभ्यास झाला आणि नर्मदेची परिक्रमाही झाली. ज्यास आपण आज तत्त्वज्ञानाचे शिक्षण म्हणतो, ते त्यांस वर्गात बाकावर बसून मिळाले नाही. ते पायी मिळाले, माधुकरी मागून मिळाले, धर्मशाळेच्या ओसरीवर मिळाले. त्यांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या कादंबरीत नर्मदाकाठच्या त्या भ्रमंतीचा ठसा आहे, आणि 'स्मरणगाथा' या आत्मकथनात्मक ग्रंथास १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

१९४७ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांनी लेखन हेच आपले जीवितकार्य ठरविले. तळेगाव दाभाडे येथे बिऱ्हाड केले आणि लेखणीवर संसार चालविला. हे वाक्य उच्चारावयास सोपे आहे. जगावयास ते सोपे नव्हते. नोकरीचे कवच नाही, पदवीचा शिक्का नाही, आणि दर महिन्यास वाणसामान तर भरावयाचेच. अशा स्थितीत माणूस एकतर खपेल ते लिहितो, किंवा लिहिणेच सोडतो. गोनीदांनी तिसरा मार्ग धरला. ज्या डोंगरांत त्यांचे मन रमे, त्या डोंगरांतूनच त्यांनी आपल्या लेखनाचे द्रव्य आणले.

गोनीदा किल्ले चढू लागले ते मौजेखातर नव्हे. दुर्ग हे त्यांचे दैवत होते. एकच किल्ला ते अनेक वेळा आणि अनेक ऋतूंत चढत. 'दुर्गदर्शन' आणि 'दुर्गभ्रमणगाथा' हे ग्रंथ या भ्रमंतीचे फळ. या भ्रमंतीत कॅमेरा त्यांच्याबरोबर असे. त्यांनी घेतलेली गडकिल्ल्यांची कृष्णधवल छायाचित्रे 'गोनीदांची दुर्गचित्रे' या नावाने पुस्तकरूपातही आली आहेत. 'छंद माझे वेगळे' असे नाव त्यांनी आपल्या एका पुस्तकास दिले आहे. परंतु छायाचित्रण हा त्यांचा केवळ छंद होता, असे म्हणणे मला अपुरे वाटते. आणि का, ते थोडे उलगडून सांगतो.

सह्याद्रीचा खडक काळा. लाव्हाच्या थरांवर थर साचून तो सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी बनला. हा काळा कातळ प्रकाश गिळतो. भर दुपारी डोक्यावर सूर्य असता राजगडाचे छायाचित्र घ्या. सपाट, काळपट ढिगाऱ्यापलीकडे काही दिसावयाचे नाही. तोच राजगड सकाळी किंवा सायंकाळी, तिरप्या उन्हात पाहा. थरांच्या पायऱ्या उठून येतात, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्यांचे बाहू निराळे होतात, संजीवनीची दुहेरी तटबंदी स्वतःची सावली टाकून आपला आकार सांगते, सुवेळा माचीवरील नैसर्गिक नेढ्यातून पलीकडचे आकाश दिसते. अर्थात् ज्यास हे टिपावयाचे आहे, त्याने पहाटे तेथे असले पाहिजे; म्हणजे रात्रीचा मुक्काम गडावरच केला पाहिजे. आणि जो रात्री गडावर मुक्कामास राहील, त्यास गडावरच्या माणसाची भाकरी खावी लागेल, त्याच्या चुलीपाशी बसावे लागेल आणि त्याची कहाणी ऐकावी लागेल. कॅमेऱ्याची निकड अशी माणसास गोष्टीच्या दारात आणून उभी करते. मोजक्या चित्रांची फिल्म हाही एक गुरूच होता. बटण दाबण्यापूर्वी शंभर वेळा पाहावे लागे. आणि असे पाहणे हे ध्यानाच्या पुष्कळच जवळचे असते.

आता आपण मापाच्या माणसाकडे परत येऊ. बिग्जच्या काळी जो कमानीपाशी निनावी उभा होता, तो गोनीदांच्या लेखनात नावानिशी येऊन बसला. राजमाचीच्या पठारावर एक म्हातारा मुंबई सोडून येतो आणि झाडापाखरांच्या, पावसावाऱ्याच्या सोबतीने उरलेले दिवस काढतो. तो 'माचीवरला बुधा'. पवना नदीच्या काठचा धोंडी, 'रानभुली'मधील रायगडाच्या अंगाखांद्यावर वाढलेली मुलगी, 'वाघरू'मधला राजगडाचा परिसर, आणि 'जैत रे जैत'मधील ठाकर, ही सारी त्याच पायवाटांवर भेटलेली सृष्टी. 'जैत रे जैत' ही कादंबरी कर्नाळ्याच्या सुळक्याच्या सावलीत घडते; १९७७ साली जब्बार पटेल यांनी तिच्यावर चित्रपट केला आणि तो डोंगर घरोघरी पोहोचला. ज्या ठिकाणी पूर्वीच्या छायाचित्रकारास केवळ उंची मोजावयाची होती, त्या ठिकाणी गोनीदांस माणसाची खोली मोजावयाची होती.

येथे श्रोते विचारतील, की मग छायाचित्राची गरज ती काय? कादंबरीकाराने कल्पनेने डोंगर उभा करावा. परंतु छायाचित्र लेखकावर एक बंधन घालते. कागदावर कल्पनेचा कडा वाटेल तितका उंच करता येतो. छायाचित्रातील कडा आहे तितकाच राहतो. ज्याने तो भिंगातून निरखला आहे, त्याच्या वर्णनातील घळ, ओढा, वाट आणि झाड आपापल्या जागी असतात. उलट छायाचित्रालाही आपली मर्यादा असते. ते आजचे दाखविते. काल आणि उद्या त्यास बोलता येत नाही. बुधाला एकटेपणा भयंकर वाटला की गोड, हे कोणत्याही भिंगास सांगता येणार नाही. ते शब्दाचे काम. आणि तो एकटेपणा गोड का वाटावा, झाडात आणि आपल्यात भेद नाही असे एका निरक्षर म्हाताऱ्यास का उमगावे, हे शब्दासही तत्त्वज्ञानावाचून सांगता येणार नाही. 'माचीवरला बुधा' वाचून झाल्यावर मला तरी चिद्विलास हा शब्द आठवल्यावाचून राहात नाही. त्या कादंबरीत तो शब्द न उच्चारता त्याचा अर्थ मांडलेला आहे, असे माझे मत आहे. ज्ञानदेवांच्या चरित्रावर 'मोगरा फुलला', तुकोबांवर 'तुका आकाशाएवढा' आणि समर्थांवर 'दास डोंगरी राहतो' अशा कादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखकाच्या ठायी हा अर्थ मुरलेला असावा, यात नवल नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गोनीदांचे प्रेम केवळ गेलेल्या वैभवावर होते, असे समजणे अन्यायाचे होईल. गड पाहून उसासे टाकणारे पुष्कळ असतात. गोनीदांनी मात्र भाक्रा-नांगलच्या धरणावर 'आम्ही भगीरथाचे पुत्र' ही विस्तृत कादंबरी लिहिली. माणसाने डोंगर आणि पाणी यांच्याशी काय केले, हा त्यांचा खरा विषय; मग ते शिवकालातील तटबंदीचे असो वा स्वतंत्र भारतातील बांधाचे. १९८१ साली अकोला येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि १ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

कोणी म्हणेल, डोंगरकपारीत वाढलेल्यास हे शक्य. सोलापूरच्या सपाट, रखरखीत माळावर राहणाराने काय करावे? या शंकेचे उत्तर सोलापूरनेच दिले आहे. मारुती चितमपल्ली १९३२ साली याच शहरात जन्मले. ते वनाधिकारी झाले, आयुष्य अरण्यात घालविले, आणि पक्ष्यांची, झाडांची, वन्य जमातींच्या बोलीतील शब्दांची टिपणे अखंड ठेवली. त्यांनी संस्कृताचे अध्ययन करून हंसदेवाचे 'मृगपक्षिशास्त्र' मराठीत आणले. जुन्या ग्रंथातील वचन आणि डोळ्यांपुढील पक्षी यांची गाठ घालून देणे हे त्यांचे कार्य. २००६ साली सोलापुरास भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनीच भूषविले. २०२५ साली त्यांस पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात सोलापुरातच त्यांनी देह ठेवला. येथे भिंगाची जागा टिपणवहीने घेतली आहे, वेदान्ताची जागा प्राचीन शास्त्राने घेतली आहे. परंतु विणकर तोच. शास्त्र, निरीक्षण आणि लेखन ही तीन सुते एकाच मागावर.

या दोन चरित्रांवरून आणि त्यांपूर्वीच्या अपुऱ्या प्रयत्नांवरून एक निष्कर्ष मला स्पष्ट दिसतो. तीन विद्या एकत्र येतात त्या वेळापत्रकाने नव्हे. सोमवारी तत्त्वज्ञान, बुधवारी छायाचित्रण आणि शनिवारी लेखन अशी वाटणी करणारास शेवटी चिंध्याच मिळतात. तिन्हींस एक विषय लागतो, आणि तो विषय एका ठिकाणी राहणारा असावा लागतो: एक गड, एक नदी, एक अरण्य, एक पेठ. त्या ठिकाणी पुनःपुन्हा जावे लागते. विचार हा ताणा, पाहणे हा बाणा. परंतु धोटा म्हणजे पाय. पाय हलले नाहीत तर दोन्ही सुते मागावर नुसती ताणलेली राहतात. गोनीदांस तिन्ही विद्या साधल्या. कारण तिन्हींस त्यांनी एकाच वाटेने चालविले. हरिश्चंद्र चिंतामण यांच्या ठायी विद्वत्ता उणी होती असे नव्हे. त्यांच्या दोन विद्यांस समान असे ठिकाण नव्हते.

उदरनिर्वाहाचा प्रश्न उरतोच आणि तो टाळण्यात अर्थ नाही. चितमपल्लींस सरकारी नोकरीचा आधार होता आणि तीच नोकरी त्यांस अरण्यात घेऊन गेली. गोनीदांस तसा आधार नव्हता. त्यांनी पुस्तकांवर पुस्तके लिहिली. मुलांकरिता लिहिले, इतिहासावर लिहिले, संतचरित्रे लिहिली. पोटाकरिता पुष्कळ लिहावे लागणे ही कलावंताची अवनती आहे, असा एक समज आहे. त्यांच्या बाबतीत त्या गरजेनेच हात चालता ठेवला आणि डोंगराने मन ताजे ठेवले. तेव्हा ज्या घरात असे अपत्य आहे, त्या घराने 'यातून मिळणार काय' एवढेच विचारून थांबू नये. 'याचे ठिकाण कोणते, आणि तेथे हा किती वेळा जातो' असेही विचारावे. त्या प्रश्नाच्या उत्तरावरून चिंधी की वस्त्र, याचा अंदाज पुष्कळसा बांधता येईल.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांस जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा तामिळनाडूतील जिंजी. राजगड, रायगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर ही नावे त्यात आहेत. या नोंदीत केवळ किल्ल्यांचा नव्हे, तर मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाचा उल्लेख आहे. गड म्हणजे तट आणि बुरूज एवढेच नव्हे. गड म्हणजे त्याचा डोंगर, त्याचे रान, त्याचे पाणी आणि त्याच्या पायथ्याची माणसे, हे आता जगानेही मान्य केले. आता दुरुस्त्या होतील, वाटा रुंदावतील, गर्दी वाढेल. त्यात काही चांगले होईल आणि काही हरवेलही. जे हरवेल ते कसे होते, हे सांगावयास जुनी कृष्णधवल छायाचित्रे साक्षीस असतील. आणि तेथे राहणाऱ्या माणसास काय वाटत होते, याची साक्ष कादंबऱ्यांची पाने देतील. परंतु कोणती गोष्ट हरवू देता कामा नये, हे ठरविण्यास छायाचित्र पुरणार नाही आणि कादंबरीही पुरणार नाही. तेथे विचार लागेल. म्हणूनच पुढील पिढीत दृश्य, दृष्टी आणि लेखणी एकाच माणसाच्या हाती असण्याची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे. आणि ज्या घरात असे मूल आहे, त्या घराने त्याच्या हातांतील सूत तोडू नये, त्यास माग दाखवावा.